संकेतस्थळाकडे वाचक आणणारे लेख : काही नित्याच्या चुका

गावच्या चावडीवर लावलेला फलक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस सहज पडतो. रेशनसाठी, दळणासाठी किंवा एस.टी. गाठण्यासाठी निघालेला माणूस त्यावरून नजर फिरवतो आणि ग्रामसभेची तारीख त्यास कळते. संकेतस्थळाची गोष्ट वेगळी आहे. ते कोणाच्याही वाटेवर नसते. कार्यालयाने, शाळेने वा ग्रामपंचायतीने परिश्रमपूर्वक संकेतस्थळ उभारले, त्यावर माहिती भरली, त्याचे उद्‌घाटनही झाले, तरी पुढे तेथे कोणी फिरकत नाही, असा अनुभव अनेकांस येतो. वाचकास तेथवर आणण्याचे जे मार्ग आहेत, त्यांपैकी एक जुना आणि अल्प खर्चाचा मार्ग लेखाचा होय. वृत्तपत्रात, मासिकात, अन्य संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा स्वतःच्याच स्थळावर उपयुक्त लेख द्यावा आणि तो वाचून वाचकाने मूळ स्थळी यावे, ही त्यामागील कल्पना आहे.

कल्पना साधी असली तरी तिच्या अंमलबजावणीत चुका फार होतात आणि त्यांची किंमत लेखकापेक्षा वाचकासच अधिक मोजावी लागते. अर्जाची अंतिम तारीख शोधणाऱ्या शेतकऱ्यास शासकीय स्थळ सापडले नाही, तर तो रिक्त हस्ते परततो असे नाही. त्यास दुसरे काहीतरी सापडते. ते एखाद्या मध्यस्थाचे असते, तीन वर्षांपूर्वीचे असते, किंवा शासकीय असल्याचा आव आणून शुल्क उकळणारे असते. यास्तव हा विषय केवळ प्रसिद्धीचा मानून चालणार नाही.

या चुकांचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेत घडला. तो व्यापाराच्या क्षेत्रात घडला असल्याने येथील कार्यालयांना व शाळांना परका वाटण्याचा संभव आहे. परंतु चुका त्याच आहेत. केवळ त्यांचा पेहराव निराळा आहे. म्हणून प्रथम त्या इतिहासाकडे वळणे इष्ट ठरेल.

दुव्याचे मोल

इंटरनेटवरील पाने शोधून देणारी आरंभीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्दांवर विसंबत. वाचकाने जो शब्द विचारला तो ज्या पानावर अधिक वेळा आला असेल, ते पान वर येण्याची शक्यता अधिक असे. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधक विद्यार्थ्यांनी यापेक्षा वेगळी पद्धत मांडली. ज्या ग्रंथाचा आधार अन्य अभ्यासक वारंवार देतात तो ग्रंथ महत्त्वाचा, हा विद्याक्षेत्रातील संकेत त्यांनी संकेतस्थळांना लावला. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे त्या दुसऱ्या पानास दिलेले एक मत. आणि ज्या पानास स्वतःलाच पुष्कळ मते मिळाली आहेत, त्याने दिलेल्या मताचे वजन अधिक. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गूगल कंपनीचा पाया हाच होता.

ज्या वस्तूस मोल प्राप्त होते तिचा बाजारही भरतो. दुव्याचेही तसेच झाले. लेखांची संग्रहस्थळे ही त्या बाजारातील एक पेठ होय. त्यांपैकी विशेष गाजलेले 'ईझिन आर्टिकल्स' हे स्थळ १९९९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाले. व्यवहार असा असे : लेखकाने आपला लेख संग्रहस्थळास विनामूल्य द्यावा, कोणाही संपादकाने तो तेथून विनामूल्य उचलावा, मात्र लेखाच्या अखेरीस लेखकाचा परिचय आणि त्याच्या संकेतस्थळाचा दुवा असलेली चौकट जशीच्या तशी ठेवावी. मराठी नियतकालिकांत 'साभार' असे छापून पुनर्मुद्रण करण्याची जी परंपरा आहे, तिच्याशी हा व्यवहार बराचसा मिळताजुळता होता. त्यात मुळात वावगे काही नव्हते. बागकामाची जाण असलेल्या माणसाने गुलाबाच्या छाटणीवर चांगला लेख लिहिला, तो दहा ठिकाणी छापला गेला आणि वाचक त्याच्या रोपवाटिकेच्या स्थळावर आले, तर यात सर्वांचेच हित होते.

बिघाड झाला तो हिशेबात. वाचक किती आले यापेक्षा दुवे किती लागले, हे मोजले जाऊ लागले. आणि दुवाच मोजायचा असेल तर लेख वाचनीय असण्याचे कारण उरत नाही. तो केवळ असला म्हणजे पुरे.

शब्दांची भरताड

याचा पहिला परिणाम भाषेवर झाला. एकच शोधशब्द प्रत्येक वाक्यात घालण्याची चाल पडली. 'गुलाबाची छाटणी करताना गुलाबाच्या छाटणीची जी माहिती गुलाबाची छाटणी करणाऱ्यास हवी असते' अशा धाटणीचे परिच्छेद त्या काळातील इंग्रजी लेखांत मुबलक आढळत. पानाच्या अंतर्भागात वाचकास न दिसणारी शोधशब्दांची यादी जोडण्याचीही पद्धत होती. ही यादी क्रमवारी ठरवताना आपण विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. तरीही आज अनेक कंत्राटदार 'शोधशब्दांची जोडणी' या शीर्षाखाली या निरुपयोगी कामाचे देयक सादर करतात. ते मंजूर करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी काम नेमके काय झाले, हे विचारून घ्यावे.

मराठीत या भरताडीचा परिणाम अधिकच विद्रूप होतो. मराठी नामास विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे रूप पालटते. 'विहीर' या शब्दाचे 'विहिरीस', 'विहिरींचे', 'विहिरीसाठी' असे होत जाते. मूळ शब्द जसाच्या तसा राखण्याच्या हट्टापायी 'विहीर अनुदान अर्ज करणे शेतकरी माहिती' असली प्रत्ययहीन रचना जन्मास येते. तिला वाक्य म्हणता येत नाही आणि ती वाचून कोणाचे समाधानही होत नाही. शब्द वाचकाचा असावा, हे खरे. परंतु तो शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि जेथे स्वाभाविकपणे येईल तेथे आला म्हणजे पुरेसे असते.

दुसरी चाल याहूनही चमत्कारिक होती. एकच लेख शेकडो स्थळांवर दिला तर तो तोच असल्याचे शोधयंत्राच्या ध्यानी येते, म्हणून त्यातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवून एका लेखाचे शंभर लेख करणाऱ्या संगणक-प्रणाली विकल्या जाऊ लागल्या. समानार्थी शब्द म्हणजे समान अर्थ नव्हे, हे भाषेचा प्रत्येक शिक्षक जाणतो. 'पाणीपट्टी वेळेवर भरा' या वाक्यावर तशी प्रणाली चालवली तर 'जलफीत समयावर ओता' असेही काही निघू शकेल. इंग्रजीत असे लाखो परिच्छेद निघाले आणि ते संग्रहस्थळांवर साठत गेले.

याच सुमारास लेखांचे कारखानेही उभे राहिले. २००६ मध्ये स्थापन झालेल्या 'डिमांड मीडिया' या कंपनीने वाचक शोधयंत्रास काय विचारतात आणि त्या विषयावर जाहिरातीचे उत्पन्न किती मिळेल, याचे गणित मांडून विषय ठरवण्याची पद्धत बसवली. लेखकास एका लेखामागे सुमारे १५ डॉलर मिळत. एवढ्या मोबदल्यात कोणी चौकशी करीत नाही, अनुभवी माणसास विचारीत नाही. चार ठिकाणचे वाचून पाचवे लिहितो. जानेवारी २०११ मध्ये या कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले, तेव्हा त्यांचे मोठे स्वागत झाले.

फेब्रुवारी २०११

त्यानंतर महिनाभरातच चित्र पालटले. २४ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत बदल केल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर त्याचा दृश्य परिणाम होईल, असे कंपनीने सांगितले. कंपनीतील नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून हा बदल 'पांडा' या नावाने ओळखला जाऊ लागला. उथळ, इतरांचे उचललेले आणि वाचकास निरुपयोगी असे लेख ज्या स्थळांवर विपुल होते, ती स्थळे शोधाच्या यादीत खाली गेली. लेखसंग्रहांना मोठा फटका बसला. डिमांड मीडियाचे 'ई-हाऊ' हे स्थळ पहिल्या फेरीत बचावले. एप्रिलमधील पुढच्या फेरीत त्यासही झळ पोचली. याहू कंपनीने अशाच प्रकारचा एक उद्योग २०१० मध्ये सुमारे १० कोटी डॉलर देऊन विकत घेतला होता. तो २०१४ मध्ये बंद करण्यात आला. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' या नावाचा आणखी एक बदल आला. त्याचा रोख प्रामुख्याने शब्दांची भरताड आणि कृत्रिम दुवे यांवर होता.

या घटनाक्रमात एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. स्थळाच्या काही भागांतील हिणकस मजकुराचा परिणाम संपूर्ण स्थळाच्या स्थानावर होऊ शकतो, असे गूगलने त्याच वर्षी स्पष्ट केले. म्हणजेच एखाद्या संग्रहात प्रामाणिक लेखकाने कष्टाने लिहिलेला लेखही शेजारच्या पोकळ लेखांबरोबर खाली गेला. ज्या कार्यालयाच्या स्थळावर दहा चांगली पाने आणि 'माहिती लवकरच उपलब्ध होईल' अशी साठ पाने असतात, त्यास यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जागा भरण्यासाठी पान उघडू नये. रिकामे पान निरुपद्रवी असते, हा समज सोडून दिला पाहिजे.

संगणकाकडून क्षणार्धात लेख लिहवून घेणे शक्य झाल्यापासून हा जुना मोह नव्याने उद्भवला आहे. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नियमांत, केवळ क्रमवारी वाढवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेला मजकूर गैर मानला जाईल, असे नमूद केले. तो यंत्राने लिहिला की माणसाने, हा प्रश्न त्यात गौण ठेवला आहे. शासकीय कामात तर धोका याहून वेगळा व अधिक गंभीर आहे. यंत्राने रचलेल्या लेखात योजनेची पात्रता किंवा अनुदानाची रक्कम चुकीची आली आणि तो लेख कार्यालयाच्या नावाने प्रसिद्ध झाला, तर त्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही. अशा लेखातील प्रत्येक आकडा मूळ शासन निर्णयाशी पडताळून घेणे, हे स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम आहे.

हातचा राखून लिहिलेला लेख

महाराष्ट्रातील कार्यालये, जिल्हा परिषदा, शाळा व ग्रामपंचायती दुव्यांचा बाजार करीत नाहीत. त्यांच्या चुका बहुधा हेतूच्या नसून सवयीच्या असतात.

त्यांतील सर्वांत मोठी चूक म्हणजे अपुरा लेख. वाचक संकेतस्थळावर यावा, या अपेक्षेने लेखात माहिती अर्धीच दिली जाते. योजनेची पार्श्वभूमी, उद्दिष्टे, उद्‌घाटनप्रसंगी व्यक्त झालेले विचार यांत दोन स्तंभ खर्ची पडतात. आणि पात्र कोण, कागदपत्रे कोणती, अर्ज कोठे करावयाचा, हे सांगण्याची वेळ येताच 'अधिक माहितीसाठी संकेतस्थळास भेट द्यावी' या वाक्याने लेख संपतो. अमेरिकेतील संग्रहस्थळांवर हाच प्रकार सर्रास चाले. लेख म्हणजे केवळ आमिष असे. वाचक एकदा फसतो. दुसऱ्या वेळी तो लेखाकडेही पाहत नाही.

लेखाने आपण उपस्थित केलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावे. मग वाचकाने स्थळावर का यावे, अशी शंका साहजिकच येईल. तर लेखात जे देता येत नाही, त्यासाठी त्याने यावे : अर्जाचा नमुना, आपल्या गावाची यादी, आपल्या अर्जाची सद्यःस्थिती, शुल्क भरण्याची सोय, मूळ शासन निर्णय. उदाहरणार्थ, वडिलांच्या निधनानंतर जमिनीस वारसांची नावे कशी लागतात, यावरील लेखात तलाठ्याकडे अर्ज कसा करावा, मृत्यूचा दाखला व वारसांचा तपशील का लागतो, वारसाची नोंद प्रथम कोणत्या नोंदवहीत होते, फेरफार धरल्यावर हितसंबंधितांस नोटीस का काढली जाते आणि हरकत आल्यास काय होते, हे सर्व क्रमवार यावे. असा लेख वाचून ज्यास अर्ज करावयाचा आहे तो दुव्यावर निश्चित जाईल. ज्यास केवळ समजून घ्यावयाचे होते, तो समाधानाने थांबेल. त्याचे थांबणे म्हणजे लेखाचे अपयश नव्हे.

दुवा कोठे न्यावा, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. लेखात वारस नोंदीची चर्चा आणि दुवा मात्र विभागाच्या मुखपृष्ठाचा, ही अत्यंत नित्याची चूक होय. मुखपृष्ठावर पोचलेल्या वाचकास सरकणारी छायाचित्रे, सूचनांची पट्टी आणि तीस-चाळीस शीर्षके दिसतात. मोठ्या कार्यालयात नवख्या माणसास केवळ 'आत जा' असे सांगण्यासारखे हे झाले. ज्या मेजावर काम होते त्या मेजापर्यंत त्यास नेले पाहिजे, म्हणजेच दुवा थेट त्या विषयाच्या पानाचा असला पाहिजे.

कार्यालयाचा शब्द आणि लोकांचा शब्द

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये ठेवल्या जाणाऱ्या अभिलेखांत गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते. या संज्ञा अचूक आहेत आणि कार्यालयात त्याच वापरल्या पाहिजेत. तथापि नागरिक 'अधिकार अभिलेख' शोधत नाही. तो 'सातबारा' शोधतो. कोणी अंकांत '७/१२' लिहितो. वारसाची बाब असेल तर 'वडिलांची जमीन नावावर कशी करायची' असे संपूर्ण वाक्यच शोधपट्टीत लिहिले जाते. 'गाव नमुना सहा-क मधील नोंदीबाबत कार्यपद्धती' या शीर्षकाचा उत्तम लेख त्यास सापडणे कठीण. मध्यस्थाने लिहिलेला, चुकांनी भरलेला, परंतु लोकांच्या शब्दांत शीर्षक असलेला लेख मात्र हमखास सापडतो.

यावरील उपाय सोपा आहे. शीर्षक लोकांच्या भाषेत असावे आणि पहिल्याच परिच्छेदात कायदेशीर संज्ञा जोडून द्यावी. 'सातबारावर वारसांची नावे कशी लावावीत' असे शीर्षक देऊन, या नोंदीस कार्यालयात काय म्हणतात ते पुढील वाक्यात सांगितले, की दोन्ही बाजूंची सोय होते. ग्रामपंचायतीसंबंधीच्या लेखातही 'कर आकारणी नोंदवही' हा शब्द अवश्य यावा, पण त्यापूर्वी 'घरपट्टी' आणि 'आठचा उतारा' हे शब्द आलेले असावेत. प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत शिक्षक हेच करीत आले आहेत. परिचित शब्दावरून अपरिचिताकडे जाण्याची ही रीत नवी नाही.

न दिसणारी अक्षरे

मराठी लेखांच्या बाबतीत आणखी एक चूक अशी आहे, की जिची इंग्रजी लेखकास कल्पनाही येणार नाही. लेख उत्तम असतो, स्थळावर चढवलेलाही असतो, डोळ्यांना स्पष्ट दिसतो, आणि तरीही शोधयंत्राच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो.

याचे कारण टंकात आहे. संगणकावर देवनागरी छपाईसाठी आरंभी जे टंक प्रचारात आले, त्यांत देवनागरी अक्षराचे केवळ चित्र दिसे. साठवले जाई ते रोमन अक्षर. 'कृतिदेव' या टंकात 'का' हे अक्षर दिसते तेव्हा संगणकात 'डी' आणि 'के' ही दोन रोमन अक्षरे साठलेली असतात. टंक काढून घेतला की मागे निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते, आणि शोधयंत्र वाचते ती हीच रांग. जगातील लिप्यांना प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड प्रमाणात देवनागरीचा समावेश १९९१ मध्ये झाला. त्या प्रमाणानुसार टंकलिखित केलेला मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो आणि शोधताही येतो. परंतु छपाईची कामे अद्यापही अनेक ठिकाणी जुन्या टंकांत होतात. मग मासिकासाठी जुळवलेला लेख तसाच्या तसा स्थळावर चढवला जातो. तो रूपांतरित करून, शुद्धलेखन पुन्हा तपासून चढवणे आवश्यक आहे. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

छायांकित प्रतीचेही असेच आहे. स्वाक्षरी केलेल्या परिपत्रकाचे छायाचित्र पीडीएफ स्वरूपात चढवले की काम झाले, असे मानले जाते. अधिकृत प्रत म्हणून ते योग्यच आहे. परंतु छायाचित्रातील अक्षरे शोधयंत्रास नीट उमजतीलच असे नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या वाचनप्रणालीसही ती नीट वाचता येतीलच असे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते; नागरिकांस माहितीसाठी अर्ज करण्याची गरज कमीत कमी भासावी, हा त्यामागील हेतू त्या कलमातच नमूद आहे. शोधून न सापडणाऱ्या छायाचित्रांनी तो हेतू कितपत साध्य होतो, याचा विचार संबंधितांनी करावा. छायांकित प्रतीसोबत तिचा मजकूर किंवा निदान दहा ओळींचा सारांश युनिकोडमध्ये द्यावा, हा किमान उपाय होय.

तारीख, पत्ता आणि पुनरावृत्ती

लेखावर तारीख नसणे ही चूक क्षुल्लक भासते. मुद्रित मासिकाच्या मुखपृष्ठावर महिना व वर्ष असते, म्हणून आतील लेखावर ते छापण्याची आवश्यकता नसे. संकेतस्थळावर प्रत्येक पान सुटे असते. पाच वर्षांपूर्वीचा 'अर्ज ३१ जुलैपर्यंत करावेत' असे सांगणारा लेख आजही शोधात वर येऊ शकतो आणि वर्षाचा उल्लेख नसल्याने वाचक तो याच वर्षाचा समजतो. केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये जारी केलेल्या व २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पान अद्ययावत केल्याच्या दिनांकास महत्त्व दिले आहे, ते याचसाठी. मुदत संपलेल्या योजनेचे पान काढून टाकण्यापेक्षा त्याच पानाच्या माथ्यावर 'या योजनेची मुदत अमुक दिनांकास संपली आहे' अशी ओळ घालणे अधिक हिताचे असते. कारण पान नाहीसे झाले तर ती जागा मध्यस्थाचे जुने पान घेते.

पत्ता बदलण्याचा परिणामही असाच होतो. स्थळाची पुनर्रचना होते, नवीन कंत्राटदार येतो, सर्व पानांचे पत्ते बदलतात; आणि पूर्वी वृत्तपत्रांत, पुस्तिकांत, शाळांच्या फलकांवर दिलेले सर्व दुवे एका रात्रीत मृत होतात. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकास नव्या पत्त्यावर आपोआप पोचवण्याची व्यवस्था करता येते. ती करून घेण्याची अट कंत्राटातच असावी. मुद्रित लेखात तर पत्ता शक्य तितका आखूड द्यावा, कारण तो वाचकास हाताने टंकित करावा लागतो. एका अक्षराच्या चुकीने तो कोणा भलत्याच्याच दारात जाऊ शकतो. शासकीय स्थळाचा पत्ता 'जीओव्ही.इन' या अक्षरांनी संपतो आणि ती अक्षरे खासगी व्यक्तीस मिळू शकत नाहीत, ही एक ओळ लेखात घातली तर बनावट स्थळांपासून वाचकाचे बरेच संरक्षण होते. तसेच महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयावर संगणक संकेतांक छापलेला असतो. लेखात निर्णयाच्या दिनांकाबरोबर तो संकेतांक दिला, की वाचकास मूळ निर्णय स्वतः पडताळता येतो.

पुनरावृत्तीविषयी थोडक्यात. राज्यस्तरावरून आलेला लेख जिल्हा, तालुका आणि पंचायत समिती यांच्या स्थळांवर अक्षरशः तसाच चढवला जातो. यात गुन्हा काही नाही. मात्र शोधयंत्र अशा समान पानांतून बहुधा एकच दाखवते आणि बाकीची पाने पडून राहतात. तालुक्याने मूळ लेखाचा दुवा द्यावा आणि आपल्या पानावर तालुक्यापुरती माहिती द्यावी : शिबिर कोणत्या गावी, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, आणि सोबत काय आणावे. ही माहिती राज्याच्या लेखात कधीही असणार नाही आणि नागरिकास नेमकी तीच हवी असते. शाळांनाही हे लागू आहे. शिक्षणाचे महत्त्व या विषयावरील निबंध शाळेच्या स्थळावर कोणी शोधत येत नाही. परंतु शाळेतील शिक्षकाने परिसरातील ओढ्याच्या पाण्याची मुलांकडून वर्षभर केलेली मोजमापे तेथे व्यवस्थित मांडली, तर परगावचे शिक्षक ती वाचण्यासाठी येतील आणि आपल्या स्थळावरून तिकडे दुवाही देतील. न मागता मिळालेला असा एक दुवा विकत घेतलेल्या शंभर दुव्यांपेक्षा अधिक टिकतो.

मोजावे काय

अनेक स्थळांच्या तळाशी 'एकूण अभ्यागत' अशी मोठी संख्या झळकत असते. त्या संख्येवरून फारसे काही कळत नाही. काही मोजण्या तर पान उघडताना मागवल्या गेलेल्या प्रत्येक चित्राची स्वतंत्र नोंद घेतात. दहा छायाचित्रांचे पान एकाने एकदा उघडले तरी अकरा नोंदी होतात. छायाचित्रे वाढवली की आकडा वाढतो, आणि अहवालात प्रगती दिसते.

याहून उपयुक्त माहिती विनामूल्य मिळू शकते. कोणते शब्द शोधून लोक स्थळापर्यंत आले आणि कोणते शब्द शोधणाऱ्यांना स्थळ दिसूनही ते आले नाहीत, याची नोंद गूगल स्थळाच्या मालकास 'सर्च कन्सोल' या सेवेद्वारे उपलब्ध करून देते. ही यादी महिन्यातून एकदा काढून ती लेख लिहिणाऱ्याच्या हाती द्यावी. तंत्रज्ञाच्या संगणकातच ती राहिली तर तिचा उपयोग नाही. लोकांनी शोधलेले, पण स्थळावर ज्याचे उत्तर नाही, असे प्रश्न त्या यादीत हटकून सापडतात. पुढील लेखांचे विषय तेच असावेत.

दुसरी नोंद कार्यालयातच करावयाची आहे आणि तिला संगणक लागत नाही. खिडकीवर येणारे नागरिक कोणता प्रश्न दिवसातून किती वेळा विचारतात, हे लिपिकाने एका वहीत आठवडाभर टिपावे. त्या प्रश्नावर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर टिपावे. अपुऱ्या कागदपत्रांमुळे परत केलेल्या अर्जांची संख्याही सोबत लिहावी. ती कमी झाली नसेल, तर स्थळाच्या तळाशी कितीही मोठा आकडा असला तरी लेख पुन्हा लिहावयास घ्यावा.